व्हिएन्ना ते झुरिक: एक तास वीस मिनिटं

व्हिएन्नाहून झुरिकला विमानानं जायला एक तास वीस मिनिटं लागतात. ही माहिती नाशकात आमच्या दूधवाल्याला आहे, सोसायटीच्या वॉचमनला आहे, शिवाय ज्या दुकानात आम्ही बॅगा घेतल्या त्या दुकानदारालाही आहे. कारण निघायच्या आधी महिनाभर आमचे हे भेटेल त्याला तेवढंच सांगत होते. प्रत्यक्षात आम्हाला किती वेळ लागला ते मात्र परत आल्यापासून त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की ते हवापाण्याकडे वळतात. म्हणून मीच लिहायला बसले.

गंगापूर रोड

आधी आम्ही कोण ते सांगते. मी सुनंदा. माहेर निफाडचं, सासर नाशिकचं, गंगापूर रोडवरचं, आणि नोकरी मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई म्हणून. सगळा जन्म मैदानावर ओरडण्यात गेल्यामुळे मी हळू बोलले तरी शेजारच्या घरात ऐकू जातं. आमचे हे, म्हणजे अशोकराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांना नकाशा दिसला की बोट शिवशिवतं. कुठलंही अंतर ते बोटानं मोजतात आणि मग म्हणतात, "एवढंच तर आहे!"

आमची एकुलती एक रेवती नवऱ्याबरोबर झुरिकला असते. तिला दिवस गेले तेव्हाच मी जाहीर करून टाकलं होतं की पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आपल्याकडे. पण डॉक्टरीणबाईंनी तिला एवढ्या लांबचा विमानप्रवास करू दिला नाही. पोरगी फोनवर हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, तू येत नाहीस तर आम्ही येतो. त्यावर ती एकच म्हणाली, "आई, मला आत नेतील ना, तेव्हा तू समोर पाहिजेस. नंतर आलीस तर काही उपयोग नाही." मी म्हटलं, असेन. पोटच्या पोरीला दिलेला शब्द आहे, त्यात मागंपुढं होत नाही.

आता झुरिकला जायचं तर सरळ झुरिकचं तिकीट काढावं की नाही? नाही. कारण व्हिएन्नात माझे धाकटे दीर राहतात.

"अगं, विचार कर," हे मला समजावत होते. "आधी रेवतीकडे गेलो की सव्वा महिना तिथून पाय निघणार नाही. तोवर व्हिसाचे दिवस भरतील. सुधाकरला न भेटता परत आलो तर तो जन्मभर ऐकवेल."

हे मात्र खरं होतं. एका पुतण्याच्या मुंजीची पत्रिका उशिरा पोचली म्हणून सुधाकरभाऊजींनी सबंध दिवाळी फोन घेतला नव्हता.

"आणि अंतर तरी काय?" ह्यांचं बोट नकाशावर आलंच. "सहाशे किलोमीटर. आपलं नाशिक-नागपूर समज. विमानात बसायचं, पट्टा बांधायचा, चहा प्यायचा की उतरायचं. एक तास वीस मिनिटं!"

रेवतीच्या तारखेला अजून आठवडा होता. दोन दिवस व्हिएन्ना, तिसऱ्या दिवशी सकाळी झुरिक. मी कबूल झाले. नवऱ्याचं बोट इतकं ठाम असलं की बायकोनं तरी काय करावं!

व्हिएन्ना

व्हिएन्ना शहर इतकं नेटकं आहे की आपण रस्त्यावर उभं राहिलो तरी आपलाच पसारा झाल्यासारखा वाटतो. मे महिना होता. नाशकात आम्ही घामानं निथळत निघालो होतो आणि इथं मला स्वेटर घालून फिरावं लागत होतं. चेस्टनटच्या झाडांना पांढऱ्या फुलांचे उभे तुरे आले होते. ट्राम आवाज न करता येते, लोक आवाज न करता चढतात, आणि मी "अहो, इकडे या, जागा आहे!" म्हटलं की सगळी ट्राम वळून बघते.

तिथं कॉफी मागितली की छोट्याशा चकचकीत ट्रेमध्ये कॉफी आणि बरोबर पाण्याचा ग्लास आणून ठेवतात. मग तुम्ही एका कपावर सकाळची दुपार केलीत तरी कुणी उठवत नाही. आपल्याकडे मिसळ संपायच्या आत मागचा माणूस खुर्चीला हात लावून उभा असतो. हे सांगितल्यावर वेटर गोड हसला. त्याला काही कळलं नसावं.

भाऊजींच्या घरात पाऊल टाकलं की मात्र व्हिएन्ना संपतं. ते वीस-बावीस वर्षांपूर्वी नाशकातून गेले. तेव्हा जे रीतिरिवाज बरोबर नेले ते त्यांनी अजून जसेच्या तसे सांभाळलेत. आम्ही नाशकात आता शनिवारी केस कापतो, नखं काढतो, सगळं चालतं. भाऊजींकडे चालत नाही. बाल्कनीत तुळस, मोबाइलमध्ये पंचांग, आणि दारातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं तर त्याला परत आत बोलावून 'येतो' म्हणायला लावायचं.

माझी जाऊ माधुरी मात्र सुगरण आणि मोकळी. तिथं मे महिन्यात पांढऱ्या शतावरीच्या कोवळ्या कोंबांचा मोसम असतो. बाजारात जुड्याच्या जुड्या रचलेल्या असतात. तिथले लोक त्यावर लोण्याचा रस्सा ओतून खातात. माधुरीनं दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून तिची भाजी केली. ह्यांनी तीन वेळा घेतली. दोन्ही दिवस दुपारी आम्ही दोघी बसून रेवतीसाठी डिंकाचे लाडू वळत होतो. डिंक आणि खारीक नाशिकची, तूप व्हिएन्नाचं. ते तूपही इतकं रवाळ होतं की भाऊजींच्या व्हिएन्नाबद्दलच्या तक्रारीतलं निम्मं मी व्हिएन्नाला माफ करून टाकलं.

भाऊजींची तक्रार एकच होती, पण ती मोठी होती. मे महिन्यात तिथल्या झाडांचे आणि गवताचे परागकण हवेत उडतात आणि भाऊजींना ते सोसत नाहीत. डोळे लाल, नाक लाल, आणि शिंका सुरू होतात. साध्यासुध्या शिंका नव्हेत हो! समोरच्याच्या हातातला कप हलतो. दोन दिवस मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मी त्यांना ओव्याची धुरी घ्यायला सांगितली. पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाला ठाऊक!

दारातून विमानतळापर्यंत

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चांगले वेळेवर तयार होतो. माधुरीनं माझी ओटी भरली. हातावर दही-साखर ठेवली. आम्ही देवाला नमस्कार केला, बॅगांना हात घातला, हे म्हणाले, "चला, येतो आम्ही," आणि उंबऱ्यावर भाऊजी शिंकले.

"दादा, बसा," भाऊजी रुमालामागून म्हणाले.

"अरे, सुधाकर, ॲलर्जीची शिंक ती."

"शिंक ती शिंक. शुभकार्याला निघालाय. पाणी प्या, थोडं टेका, मग निघा."

आम्ही टेकलो. पाणी प्यायलो. माधुरी म्हणाली, बसलाच आहात तर घोटभर चहा टाकते. चहा झाला, परत नमस्कार झाला, आम्ही परत उठलो. या वेळी जिन्यापर्यंत पोचलो होतो. भाऊजी शिंकले. आम्ही परत आत. जिन्यातली शेजारीण, एक वयस्क बाई, दार उघडून बघत होती की ही माणसं बॅगा घेऊन आतबाहेर का करतायत. माधुरीनं सवयीनं तिला हळदकुंकू लावलं. बाई खूश होऊन तशीच उभी राहिली.

तिसरी शिंक गाडीत बसल्यावर आली. मी म्हटलं, "आता बसलेलेच आहोत भाऊजी, आणखी कुठं बसू?" त्यांनी विचार केला आणि मान्य केलं, पण इंजीन बंद करून थोडा वेळ थांबायला लावलंच. हे पुढच्या सीटवर घड्याळ बघत होते. पण धाकट्या भावाला बोलायची सोय नाही, तो रुसेल. मला राग येत होता, पण जाऊबाईंनी नुकतीच ओटी भरलेली, तोंड कसं उघडणार? शिवाय मनात आलं, रेवतीचं काम आहे, कशाला उगाच शंका ठेवा. हो, मीही बसले. माणूस लेकीच्या बाबतीत हळवा होतो.

विमानतळावर भाऊजी आणि माधुरी दोघं आत सोडायला आले. पाहुण्यांना दारात सोडून गाडी वळवायची हे भाऊजींच्या कल्पनेतही बसत नाही. मोठ्या बॅगा मशीनवर गेल्या, आणि तपासणीच्या रांगेशी गळाभेट चालू असताना भाऊजींना चौथी शिंक आली. त्यांनी आम्हाला तिथल्या बाकावर बसवलं. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती. ती काढून ह्यांना एक घोट दिला.

आत तपासणीत माझी पिशवी अडवली. लाडू मोठ्या बॅगेत फुटतील म्हणून मी हातातल्या पिशवीत ठेवले होते. मशीनच्या पडद्यावर काळेभोर गोळेच गोळे दिसत होते. तो तरुण अधिकारी पडद्याकडे बघे, माझ्याकडे बघे. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसरीला. एका लाडवावर कापडाची पट्टी फिरवून ती कुठल्याशा यंत्रात घातली. मी म्हटलं, "थांबा, खाऊन दाखवते," आणि अख्खा लाडू तोंडात घातला. डिंकाचा लाडू घाईत खायचा पदार्थ नव्हे. माझं चावून होईपर्यंत तिघंही शांतपणे उभे राहिले. माधुरीनं बरोबर दिलेली तुपाची बरणी मात्र ठेवून घेतली.

मग आम्ही पळालो. मी पी.टी.ची बाई, मी पुढं. हे मागं, पिशवी पोटाशी धरून. दारापाशी पोचलो तर दार बंद. तिथली मुलगी म्हणाली, बोर्डिंग संपलं. काचेपलीकडे विमान उभं होतं. अगदी समोर! खिडकीत बसलेली माणसं दिसत होती.

"मॅडम, ते काय तिथं उभं आहे!" हे म्हणाले.

ती मान हलवून नाही म्हणाली.

मग ह्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. ते काचेपाशी गेले, काचेवर दोनदा थाप मारली आणि उजवा हात वर करून विमानाला थांबायची खूण केली. निफाड फाट्यावर एसटीला करतात तशी. एसटी थांबते. कंडक्टर कुरकुरतो, पण दार उघडतो. विमान सावकाश मागं सरकलं आणि वळून निघून गेलं.

आमच्या बॅगा न उडताच परत आल्या. त्या दिवसाची पुढची विमानं भरलेली होती. जागा होती ती दुसऱ्या दिवशी दुपारची. हे म्हणाले, "काय हरकत आहे, एक दिवस इकडे की तिकडे." तेवढ्यात जावयांचा फोन आला.

"आई, उतरलात का?" अनिकेतचा आवाज चढलेला होता. "आत्ताच डॉक्टरांकडून आलो. त्या म्हणतात तारखेची वाट बघू नका, आज रात्री किंवा उद्या पहाटे होईल. रेवती सारखी तुमचंच विचारतेय."

मी खाली बसले. खरंच बसले, बॅगेवर. सहाशे किलोमीटरवर माझी लेक अवघडून बसलीय आणि मी इथं एका माणसाच्या शिंकांसाठी पाणी पीत बसले होते! मला रडू आलं आणि राग आला, आणि दोन्ही एकदम आले की माझा आवाज मैदानावरचा होतो.

"अहो!" मी म्हटलं. आजूबाजूची माणसं थांबली. "मी आजच्या आज झुरिकला जाणार. विमान नसेल तर रेल्वेनं, रेल्वे नसेल तर बैलगाडीनं. तुम्हाला यायचं तर या!"

आल्प्समधून

रेल्वे होती. दुपारी निघून संध्याकाळी झुरिक, साधारण आठ तास. फोन केल्यावर भाऊजी परत आले आणि त्यांनी आम्हाला स्टेशनवर आणलं. बिचारे शरमिंदे झाले होते. माधुरीनं घरून वाटेसाठी दशम्या, दाण्याची चटणी आणि ठेचा बांधून आणला. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, आणि मागून ती परिचित शिंक आली.

हे थबकले. सवय! मी त्यांचं मनगट धरून त्यांना डब्यात ओढलं आणि म्हटलं, "शिंका हो भाऊजी, पोटभर शिंका! आम्ही येतो." दारं मिटली. भाऊजी फलाटावर रुमाल हलवत होते, आणि मला वाटतं तेही हसत होते.

ज्या डब्यात बसलो तो शांततेचा डबा होता. खिडकीवर ओठांवर बोट ठेवलेलं चित्र होतं. ते मला नंतर दिसलं. आधी अनिकेतला फोन लावून मी विचारलं, "कळा सुरू झाल्यात का?" त्याबरोबर समोरच्या बाकावर शब्दकोडं सोडवत बसलेली एक उंच, चष्मेवाली बाई उठली, माझ्यापाशी आली आणि त्या चित्रावर पेन्सिलीनं टकटक केलं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अशाच होत्या. मी आपोआप उभी राहिले.

"माय डॉटर," मी जमेल तेवढ्या हळू म्हटलं. "झुरिक. बेबी. टुडे."

बाईंनी चष्मा काढला. "फर्स्ट?"

"फर्स्ट."

त्या मागं वळल्या आणि सबंध डब्याला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. झालं! तिथून पुढं त्या शांततेच्या डब्यात शांतता राहिली नाही. माझा फोन थरथरला की पुस्तकं मिटायची, कानातली यंत्रं निघायची, माना वर व्हायच्या. मी फोन ठेवून मान हलवली की सगळा डबा सुस्कारा टाकायचा. पुढचा एक दाढीवाला मुलगा प्रत्येक स्टेशनवर वळून अंगठा वरखाली करून विचारायचा, झालं का?

बाईंचं नाव इंग्रिड. त्यांनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं की एवढी घाई होती तर विमानानं का नाही गेलात? एक तास वीस मिनिटांचं तर अंतर आहे.

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, सांगा आता.

"माय ब्रदर," हे घसा खाकरून म्हणाले, "स्नीझ. सो वी सिट."

इंग्रिडबाईंना कळेना. ह्यांनी उभं राहून शिंकून दाखवलं, मग बसून दाखवलं, मग पाणी पिऊन दाखवलं. दोन वेळा. बाई डोळे विस्फारून बघत राहिल्या. त्यांच्याकडे कुणी शिंकलं की आजूबाजूचे म्हणतात, आरोग्य लाभो, आणि संपलं. तो माणूस आभार मानतो. "तुमच्याकडे शिंकणारा उभा राहतो आणि बाकीचे बसतात?" त्यांनी विचारलं. तसं बघितलं तर तसंच होतं. मी दशमी आणि ठेचा पुढं केला. इंग्रिडबाईंनी ठेचा चमच्यानं घेतला. पुढचा थोडा वेळ त्या काही विचारण्याच्या परिस्थितीत नव्हत्या.

बाहेर काय चाललं होतं ते मला आत्ता आठवतं, तेव्हा बघवत नव्हतं. आधी सपाट हिरवी शेतं आणि दूर टेकडीवर पिवळा, सोनेरी मठ. मग उतारावर द्राक्षबागा. आपल्या निफाडला बाग मांडवावर पसरलेली असते, खालून वाकून जावं लागतं. तिथं वेली ओळीनं उभ्या, कवायतीला लावल्यासारख्या. हे म्हणाले, "बघ, बघ, द्राक्षं!" मी म्हटलं, द्राक्षं मी जन्मल्यापासून बघतेय, तुम्ही फोनला रेंज आहे का बघा.

इन्सब्रुक गेलं आणि डोंगर दोन्ही बाजूंनी अंगावर आले. मे महिना असूनही माथ्यावर बर्फ, खाली गवतात पिवळी फुलं, आणि गळ्यात घंटा बांधलेल्या धष्टपुष्ट गाई. मोठ्या बोगद्याच्या अलीकडे गाडी थांबली. का थांबली ते कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे गाडी थांबली की माणसं खाली उतरून आळस देतात. इथं सगळ्यांचे चेहरे घरात कुणी आजारी असल्यासारखे झाले. फोनवर एक दांडी होती, तीही गेली. शेवटचं बोलणं झालं तेव्हा अनिकेत म्हणाला होता, "सगळं ठीक आहे आई, रेवती पडलीय जरा." पण तो 'ठीक' मला ठीक वाटला नव्हता. आत्ता तिला नेलं असेल. ती दाराकडे बघत असेल. मी 'असेन' म्हणाले होते. मी डोळ्यांना पदर लावला. ह्यांनी माझा हात धरला आणि पहिल्यांदाच अंतराबद्दल काही न बोलता बसून राहिले.

गाडी हलली. बोगदा संपला. फेल्डकिर्शला इंग्रिडबाई उतरल्या आणि आमच्या खिडकीखाली उभ्या राहून त्यांनी दोन्ही मुठी आवळून माझ्यापुढं नाचवल्या. मला वाटलं, ठेच्याचा राग अजून गेला नाही. मागं वळून बघते तर दाढीवाला मुलगा मुठी आवळून बसलेला, त्याच्या मागचं जोडपं मुठी आवळून, एक आजोबासुद्धा! मग त्या मुलानं समजावलं. अंगठे आत घालून मूठ दाबली की ज्याचं काम असेल त्याचं भलं होतं, अशी त्यांच्याकडे समजूत आहे. ह्यांनी लगेच दोन्ही अंगठे आत घातले. सीमेवरच्या स्टेशनपर्यंत तो सबंध डबा माझ्या रेवतीसाठी मुठी आवळून बसला होता.

त्या सीमेवरच्या स्टेशनवर, बुक्सला, गाडी थांबली आणि निघाली ती उलटी. मी ओरडले, "अहो, ही परत चाललीय! साखळी ओढा!" ह्यांचा हात खरंच वर गेला होता. तिकीट तपासनीसानं धावत येऊन सांगितलं की इथं गाडी नेहमीच तोंड फिरवते, पुढं झुरिकच आहे. त्यानंतर एक लांबलचक तळं आलं, कड्याच्या पायथ्याशी, संध्याकाळच्या उन्हात हिरवंनिळं. खूप सुंदर असावं. मी दाराशी बॅग घेऊन उभी होते.

झुरिक

गाडी थांबायच्या आत मी पायरीवर होते. अनिकेत दिसला. हातात एक बॅग, केस विस्कटलेले, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. त्याला एकट्यालाच बघून मी बॅग तिथंच टाकून त्याच्याकडे धावले.

"कुठंय रे ती? नेली का आत?"

"कसली नेलीय आई! तुम्हीच सांगा आता तिला!" पोरगा रडकुंडीला आला होता. "दुपारपासून कळा येतायत. हॉस्पिटलवाले म्हणाले होते अजून जरा वेळ आहे, पण आता या म्हणून दोनदा फोन आला. ही ऐकेल तर शपथ! ट्रामनं इथं येऊन बसलीय. मला तुम्हाला सांगूसुद्धा दिलं नाही. म्हणाली, आई गाडीतून उडी मारेल."

त्याच्या मागं बाकावर माझी लेक बसली होती. एका हातानं बाकाची कड घट्ट धरून, डोळे मिटून, तोंडानं सावकाश श्वास सोडत. कळ ओसरली तसे तिनं डोळे उघडले.

दिवसभर मी जगाला शिव्या घालायला जमवून ठेवल्या होत्या. "अगं वेडे," एवढंच तोंडातून आलं. "दवाखान्यात जायचं सोडून इथं काय बसलीस? काही झालं असतं म्हणजे?"

"मला आत नेतील तेव्हा तू समोर पाहिजेस म्हणाले होते ना मी," ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते, पण चेहरा फुलला होता. "आता आलीस. चल, लवकर चल आई, आता नाही थांबवत."

मी तिच्या कमरेत हात घातला. तिनं सगळा भार माझ्यावर टाकला. हे आणि अनिकेत बॅगा घेऊन टॅक्सीकडे पळाले. टॅक्सीपर्यंतच्या वाटेत ती दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा माझा दंड एवढा आवळला की वळ आठवडाभर होते.

पहाटे नात झाली. दवाखान्याच्या कागदावर जन्माचं ठिकाण झुरिक असं लिहिलं आहे. कुणी विचारलं तर रेवती मात्र सांगते, माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं.